पोंक, हुरडा आणि भाकरी

थंडी पडू लागली की सुरतेत तापीकाठी, अडाजणच्या बाजूस, पोंकाच्या भट्ट्या पेटतात. ज्वारीची दुधाळ कणसे निखाऱ्यांत भाजावयाची, गरम असतानाच फडक्यात घेऊन झोडपावयाची, कोंडा पाखडून टाकावयाचा आणि उरलेले हिरवे, मऊ दाणे लिंबू-मिरीच्या नाहीतर लसणीच्या शेवेबरोबर खावयाचे, वर ताक प्यावयाचे. ह्या सोहळ्यासाठी सुरतकर वर्षभर वाट पाहतो आणि दोन-अडीच महिने त्याचे मन दुसऱ्या कशात लागत नाही. हा पोंक म्हणजे आपला हुरडाच होय. फरक एवढाच की, आपल्याकडे हुरडा खाण्यासाठी माणूस शेतावर जातो, आगटीभोवती बसतो, तळहात भाजून घेत कणीस चोळतो. सुरतकराने शेतच उचलून शहरात आणले. ह्या दोन रिवाजांचे नाते किती जुने आहे ते आमच्या शेतकऱ्याच्या बोलीत सापडते. हुरड्याच्या वाणांची नावे विचारली तर तो गुळभेंडीच्या जोडीला 'सुरती' असे नाव घेतो.

सुरत म्हटले की मराठी वाचकास शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, नाहीतर १९०७ च्या डिसेंबरातील ते काँग्रेस अधिवेशन, जेथे टिळक व्यासपीठावर हात बांधून उभे राहिले आणि कोणीतरी दक्षिणी जोडा भिरकावला. दिवस पोंकाचेच होते. परंतु आज सुरत ही लूट किंवा लढत करून परत येण्याची जागा राहिलेली नाही. लिंबायत, उधना, डिंडोलीकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबारहून गेलेल्या लाखो मराठी माणसांचे संसार आहेत. तेथील अन्नाचा प्रश्न हा शेजारच्या राज्याचा प्रश्न म्हणून बाजूस सारता येण्यासारखा नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, 'कृषी पर्यटन' हा शब्द आता सरकारी कागदांत चांगलाच रुळला आहे. महाराष्ट्रात पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामतीच्या परिसरात ह्या कामाला संघटित रूप दिले. २०२० मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. किनाऱ्यावर बोर्डीचा चिकू महोत्सव हा त्याच वाटेवरचा प्रयोग. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या बागेतील फळ पाहावयास मुंबईकर गाडी भरून येतो हे बागायतदारास समजले. हिवाळ्यात पुण्या-नगरच्या वाटेवर हुरडा पार्ट्यांचे फलक आता दर मैलावर दिसतात. परिसंवादांतून असे सांगितले जाऊ लागले आहे की, प्रादेशिक खाद्यपरंपरा, शेतीचे पर्यटन आणि अन्नसुरक्षा ही तीन कामे एकाच गाडीला जुंपता येतील. शहरी पाहुणा पैसे देईल, त्या पैशावर देशी वाण जगतील आणि देशी वाण जगले की प्रदेशाचे पोट भरेल.

पहिल्या दोन विधानांविषयी आमची तक्रार नाही. तिसरे विधान मात्र तपासून पाहिले पाहिजे, आणि ते तपासण्यास सुरतेसारखे दुसरे ठिकाण नाही.

ज्या शहराचे खाणे देशभर नावाजले जाते, त्या शहराच्या खाण्याची शेते कोठे गेली? उंधियूसाठी कतारगामची पापडी हवी असे जाणकार अजूनही सांगतात. कतारगाम आज हिरे घासण्याच्या कारखान्यांनी आणि बहुमजली चाळींनी भरलेले आहे. पापडी गावाचे नाव घेऊन बाहेरून येते. हजिऱ्याच्या गावांची काळी जमीन खताच्या, पोलादाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांखाली गेली. कृभकोचा खतकारखाना तेथे १९८५ च्या सुमारास सुरू झाला. खत देशभरच्या शेतांना पोचते, ही सोय खरी. पण ते जेथे बनते तेथे शेत राहिलेले नाही. २०११ च्या शिरगणतीत सुरत शहराची वस्ती ४५ लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर ती वाढलीच आहे. शहर वाढावे ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र वाढताना त्याने आपल्या ताटाचा हिशेब कोठे मांडला आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

शहराबाहेरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. काकरापारचा बंधारा १९५४ मध्ये झाला, उकाईचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि तापीच्या दोन्ही तीरांना कालव्यांचे पाणी पोचले. ज्या बारडोलीत १९२८ मध्ये वल्लभभाईंनी शेतकऱ्यांस सारा न भरण्यास उभे केले, तिच्या शिवारात ऊस उभा राहिला आणि सहकारी साखर कारखाने निघाले. उसाला नावे ठेवण्याची आज एक फॅशन आहे. आम्ही तीत सामील होऊ इच्छित नाही. हमखास पाणी, हमखास गिऱ्हाईक आणि वेळेवर मिळणारा पैसा ह्या तीन गोष्टी ज्वारीने शेतकऱ्याला कधी दिल्या नाहीत, उसाने दिल्या. त्या सोडून त्याने परंपरेच्या प्रेमापोटी जोंधळा पेरावा असे शहरातल्या माणसाने त्याला सांगणे हे शोभणारे नाही. तरीही ह्या बदलाची किंमत होती. कालव्याखालची कित्येक जमीन पाणथळ झाली, क्षार वर आले आणि पावसाळ्याच्या ओलीवर येणारी ज्वारी त्या पट्ट्यातून मागे सरली.

एकदा पीक मागे सरू लागले म्हणजे उरलेल्यांचेही कठीण होते. हे ज्याने शेत राखले आहे त्यालाच कळेल. दहा शेतकऱ्यांची ज्वारी एका वेळी हुरड्यात आली तर पाखरे वाटली जातात. उसाच्या रानात एकट्याचेच दोन बिघे कणसावर आले तर गावची सगळी पाखरे त्याच्यावर उतरतात. माळ्यावर बसून गोफण फिरविणारा राखणदार आता मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी पिकाला झेपत नाही. म्हणून शेवटचा ज्वारीवाला ज्वारी सोडतो तो बाजारभावामुळे जेवढा, तेवढाच शेजाऱ्यांनी सोडली म्हणून. वाण टिकविण्याच्या योजना आखणारे बियाण्याची पुडी एकेका आदर्श शेतकऱ्याला वाटतात, त्याचे छायाचित्र काढतात आणि दोन वर्षांनी त्याने पीक का सोडले ह्याचे आश्चर्य करतात!

ह्याच उसाच्या रानात आणखी एक माणूस उभा आहे आणि तो बहुधा आपला आहे. दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे ह्या भागांतून हजारो आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन बारडोलीच्या रानात उतरतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतील शेतमजुरांचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये ह्या ऊसतोडणीवर जो निबंध लिहिला, तो सहकाराच्या गौरवगाथेवर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करील असा आहे. ह्या मजुराला हंगामात धान्य मिळते, ते ज्वारीचे. शिवाय खावटी म्हणून उचल मिळते, आणि हे सारे हंगामाअखेरच्या हिशेबातून व्याजासह कापले जाते. त्यानंतरच्या अभ्यासकांनीही तेच नोंदविले आहे. गुजरात शासनाने २०२३ मध्ये तोडणीचा दर टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला हे स्वागतार्ह होते. पण दर वाढला म्हणून उचलीची पद्धत मोडत नाही. ह्या परिस्थितीतील विसंगती कोणाच्या नजरेस कशी पडत नाही? ज्या रानातून ज्वारी गेली, त्याच रानात ऊस तोडणाऱ्याला ती पोटासाठी कर्जाऊ घ्यावी लागते, आणि वीस-पंचवीस मैलांवर तीच ज्वारी कोवळी भाजून शेवेबरोबर चवीने खाल्ली जाते. पोंक खाणाऱ्याचा ह्यात काही अपराध नाही. परंतु प्रादेशिक अन्नाविषयी बोलावयाचे तर ह्या दोघांविषयी एकाच श्वासात बोलावे लागेल.

कारखान्यातल्या आणि मागावरल्या खानदेशी माणसाची गोष्ट निराळी, पण फार दूरची नाही. त्याचे गावाकडचे जेवण म्हणजे ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या त्या पिठात भरड धान्याचा आणि डाळीचा मेळ आपोआप बसतो; त्यावर भरीत नाहीतर मिरचीचा ठेचा असला की आणखी काही लागत नाही. आज दुकानात ज्वारीचे पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग आहे. गरिबाचे धान्य श्रीमंताच्या पथ्याचे झाले, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, मोठ्या हॉटेलांत नाचणीचे पदार्थ मांडले गेले आणि मागावरल्या माणसाच्या डब्यातली भाकरी जाऊन पोळी आली. पोळी वाईट नव्हे. मात्र हा बदल त्याने आवडीने केलेला नाही.

रेशनवर त्याला काय मिळते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसास दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय प्रथम सुरू झाली तेव्हा निवडलेल्या दोन जोड्यांपैकी एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात ही होती. नंदुरबारच्या माणसाने सुरतेत अंगठा उठवावा आणि धान्य घ्यावे, ही कल्पना उत्तम होती आणि आहे. तिचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. पण त्या अंगठ्यावर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो. कायद्यात भरड धान्याचा उल्लेख आहे, दुकानात ते नियमाने येत नाही. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा आधारभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर केला. भाव जाहीर होतो, पण गव्हा-तांदळाच्या मानाने खरेदी अगदीच थोडी. खरेदीच नाही म्हणून रेशनला माल नाही. रेशनला माल नाही म्हणून पेरणाऱ्याला भरवसा नाही. १९७०-७१ मध्ये देशात सुमारे पावणेदोन कोटी हेक्टरांवर ज्वारी होती, ती आता चाळीस लाखांच्या आसपास आली आहे, ह्याचे हे एक मोठे कारण आहे.

अन्नसुरक्षेचा विचार करताना मराठी माणसाने १९७२ विसरू नये. त्या दुष्काळात घरोघरी लाल मिलो आली होती. अमेरिकेतून आलेले ते धान्य ज्वारीच्याच जातीचे, पण त्याची भाकरी आपल्या घशाखाली उतरत नसे, आणि तरीही लोकांनी ती खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते. ज्यांनी ती खाल्ली त्यांना, पोट भरणे आणि आपले अन्न मिळणे ह्यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर संकरित ज्वारीने महाराष्ट्राला सावरले हेही तितकेच खरे, आणि ते काम कृषी संशोधनाने केले.

सुरतेनेही आपल्या परीने अशा परीक्षा दिल्या आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून पळाले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. दूध आणि पाव पोचविणे हीच मोठी मोहीम झाली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेले यंत्रमाग कामगार रस्त्यावर आले, त्यांत ओडिशाचे बहुसंख्य होते. घरी जाऊ द्या, मजुरी द्या आणि धड जेवण द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तिन्ही वेळी शहर लवकर सावरले, हे त्याच्या नगरपालिकेचे आणि नागरिकांचे कर्तृत्व. प्लेगनंतर सुरत जशी स्वच्छ झाली तशी भारतातील थोडीच शहरे झाली असतील. ज्या शहराने सांडपाण्याची आणि कचऱ्याची अशी नोंद ठेवली, त्याला धान्याची आणि भाजीची नोंद ठेवणे जड जाऊ नये.

आता पुन्हा पर्यटनाकडे. पोंकाच्या आणि हुरड्याच्या व्यवहारात एक गोष्ट निःसंशय चांगली आहे. कोवळे कणीस विकणाऱ्या शेतकऱ्याला पक्व ज्वारीपेक्षा चांगला पैसा मिळतो, पीक लवकर निघते आणि हिरवा कडबा जनावरांना होतो. राहुरीच्या विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर', परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी वसंत' असे खास हुरड्याचे वाण काढले ते ह्या मागणीकडे पाहूनच. परंतु हुरड्याचे शेत हे पोटाचे शेत नव्हे. हुरड्यात कापलेली ज्वारी पेवात जात नाही, रेशनवर येत नाही, पुढल्या जुलैत कोणाची भाकरी होत नाही. शंभर एकर हुरडा झाला म्हणून प्रदेशाच्या अन्नात शंभर एकरांची भर पडली असे मांडणे हे हिशेबाला धरून नाही, आणि कित्येक अहवालांत ते तसे मांडले जाते.

पर्यटनाचा दुसरा उपयोग मात्र आम्ही मोलाचा मानतो. त्यामुळे एका प्रदेशाला आपले ताट एक आहे हे कळू शकते. वलसाडकडे महामार्गाच्या कडेने हिवाळ्यात मडक्यात पालापाचोळ्याच्या आचेवर पापडी आणि कंद शिजवितात, त्याला उंबाडियू म्हणतात. पालघर-वसईकडे त्याची बहीण उकडहंडी आहे आणि अलिबागेकडे भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून लावलेली पोपटी आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगीची भाजी होते, तिकडे उत्तरायणाला उंधियू. १ मे १९६० रोजी दोन राज्यांमधली रेषा आखली गेली. वाल, कंद, नागली आणि जोंधळा ह्यांना ती कोणी सांगितली नाही. डांग गुजरातेत गेला, म्हणून डांगची नागली आणि सुरगाण्याची नागली वेगळी झाली नाही. अन्नाविषयीचे संशोधन मात्र रेषेशी येऊन थांबते. गुजरातेच्या आकडेवारीत खानदेश नाही, महाराष्ट्राच्या आकडेवारीत सुरत नाही, आणि दोहोंत मिळून जगणारा माणूस कोणाच्याच तक्त्यात नाही.

ह्यावर उपाय करण्यास नवी संस्था काढण्याची गरज नाही. नव्या संस्थेला इमारत लागते आणि इमारतीत दहा वर्षे जातात. सुरतेच्या अठवा फार्मवर नवसारी कृषी विद्यापीठाचे ज्वारी संशोधन केंद्र आहे. त्याच शहरातील कापूस केंद्रातून १९७० मध्ये सी. टी. पटेल यांनी संकर-४ कापूस दिला, ज्याने पुढे आपल्याकडील शेतांचाही चेहरा बदलला. तेथे झालेले काम सीमेपलीकडे पोचते ह्याचा तो पुरावा आहे. राहुरीचे विद्यापीठ आहे, दापोलीचे आहे. सुरतेत आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये उभारलेले सामाजिक अभ्यास केंद्र आहे, ज्याला मजुराशी बोलण्याची सवय आहे. ह्या चौघांनी मिळून सुरत, तापी, नवसारी, डांग, पालघर, नंदुरबार, धुळे आणि जळगाव हा एक अन्नप्रदेश मानून पाहणी करावी. सुरतेच्या बाजारात येणारे धान्य आणि भाजी किती मैलांवरून येते, ह्या आठ जिल्ह्यांत भरड धान्याखालची जमीन दर दशकात किती घटली, कोयतेवाल्याच्या आणि मागवाल्याच्या घरात आठवड्यातून किती वेळा डाळ शिजते, हुरड्याच्या आणि पोंकाच्या पैशातील किती भाग शेतावर पोचतो आणि किती वाटेत राहतो, एवढे जरी नीट मोजले गेले तरी धोरणाला पाया मिळेल.

पाहणीची वाट न पाहता करण्यासारखी दोन कामे आहेत. पहिले असे की, दोन्ही राज्यांनी ह्या पट्ट्यातली ज्वारी आणि नागली आधारभावाने विकत घेऊन ह्याच पट्ट्यातल्या रेशन दुकानांत द्यावी. सुरतेच्या लिंबायत-उधन्यातील दुकाने आणि साखर कारखान्यांचे तळ येथपासून सुरुवात करावी. तोडणीच्या तळावर रेशनची ज्वारी मोफत मिळू लागली तर कारखान्याच्या खावटीची पकड आपोआप सैल होईल, आणि कदाचित म्हणूनच ह्या सूचनेला विरोध होईल. दुसरे काम कृषी पर्यटनाच्या नोंदणीचे. हुरड्याच्या नावावर परवाना आणि सवलत घेणाऱ्याने आपल्या गावात निदान काही ज्वारी पक्व होईपर्यंत उभी ठेवावी आणि ती शेजारी-शेजारी, एका वेळी पेरली जावी, म्हणजे पाखरांचा भार वाटला जाईल, अशी अट त्यात घालावी. सवलत मागणाऱ्या दहा शेतकऱ्यांनी एकत्र यावे हे सांगण्यास कायद्याची गरज नाही. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याने पेरणीपूर्वी एक बैठक घेतली तरी पुरे आहे. खरिपाची पेरणी होण्यास अजून अवधी आहे, आणि पुढल्या रब्बीच्या बियाण्याची मागणी विद्यापीठाकडे उन्हाळ्यातच नोंदवावी लागते.